सी आणि थ्रूच्या मध्ये

मधुकरराव, 'सी थ्रू'चा नियम मी तुम्हाला चुकीचा शिकवला. हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर नेहमीसारखी मी भलतीकडून सुरुवात करेन, आणि मुद्द्यावर येईपर्यंत तुमच्या कपातला चहा गार होईल.

तो कप अजून आमच्याकडे आहे. समोरच्या दारातून निघताना तुम्ही आपला अर्धा प्यायलेला चहा हातात घेऊनच यायचात. "शैलाने केलाय, टाकवत नाही," म्हणायचात, आणि तो संपला की नलिनीकडे दुसरा मागायचात. साडू म्हणून मी तुम्हाला वीस वर्षांत कधी एकेरीत हाक मारली नाही. पण खरं सांगतो, त्या कपाकडे बघून मनातल्या मनात पुष्कळदा मारली. आपल्या बायका, तुमची शैला आणि माझी नलिनी, सख्ख्या बहिणी, साताऱ्याकडच्या. दोघींनी हट्टाने सानपाड्याच्या एकाच सोसायटीत, एकाच मजल्यावर, समोरासमोर घरं घ्यायला लावली. तुम्हाला आणि मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी वाशीला घर घेतलं असतं आणि सुखाने पेपर वाचला असता.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. लोक येतात, म्हणतात, "फार चांगला माणूस." मी मान हलवतो. पण मला रडू येण्याआधी तुमचा राग येतो. काय माणूस होता हो तुम्ही! पाण्याच्या टाकीचं झाकण कोणत्या बाजूने उघडावं यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये तासभर भांडलात. कोथिंबीरवाल्याशी भांडलात. 'दूर्वांकुर'मधला पहिला उकार ऱ्हस्व की दीर्घ, यावर मराठी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्याशी आठवडाभर भांडलात, आणि चुकीचे ठरल्यावरही "मुद्दा तो नाहीये, मास्तर," म्हणून दुसरं भांडण सुरू केलंत. असा माणूस आयुष्यात ज्या एकाच गोष्टीत शंभर टक्के बरोबर होता, तिथे गप्प बसला. का? हे मला तुम्हाला विचारायचं आहे. आणि ज्याला विचारायचं तोच नेहमीप्रमाणे जागेवर नाही.

जासईच्या कंटेनर यार्डात तुम्ही गेटवर होतात. कुठला कंटेनर आला, कुठला गेला, सील शाबूत आहे का, हे बघायचं. उरण फाट्यापासून ट्रेलरांच्या मागे स्कूटर हाकत घरी यायचात, भुवया धुळीने पांढऱ्या झालेल्या. मग यार्डात नवीन मॅनेजर आला. दक्षिणेकडचा होता, इंग्रजीशिवाय बोलायचा नाही. सुपरवायझरची जागा निघाली. तुम्ही माझ्याकडे आलात, कप घेऊन.

"मास्तर, मला फाडफाड नको. दहा-पंधरा वाक्यं पाहिजेत, पण अशी, की साहेब म्हणाला पाहिजे, हा माणूस सोडून देणारा नाय."

म्हणून मी तुम्हाला ती क्रियापदं दिली. कॅरी ऑन. कीप अ‍ॅट. होल्ड आउट. सगळी चिकाटीची. तुम्ही एकेक तोंडात घोळवून बघत होतात, आवडलं नाही की बाजूला टाकत होतात. "कॅरी ऑन नको, ते कंडक्टर बोलतो तसं वाटतं." शेवटी 'सी थ्रू'वर येऊन अडलात.

"सी म्हणजे बघणे?"

"हो."

"थ्रू म्हणजे आरपार?"

"हो."

"मग आरपार बघणे म्हणजे घेतलेलं काम शेवटाला नेणे, हे कसं काय?"

"अर्थ तसाच आहे. पाठ करा."

"पाठ पोरं करतात. मला कारण सांगा."

"कारण नसतं हो या क्रियापदांना! 'सी इट थ्रू' म्हणजे तडीस नेणे. लिहा, तडीस नेणे."

"तडीस नेणे हे सरकारी परिपत्रकातलं मराठी आहे. घरात कोण बोलतं? तुम्ही कधी नलिनीताईंना म्हणालात, मी भाजी तडीस नेतो?"

आतून नलिनी हसली. मी चिडलो. तुम्ही कप खाली ठेवलात आणि एकदम तुमचा चेहरा उजळला.

"बघून घेणे! मास्तर, आपल्यातही आहे की. 'तुम्ही जा, काम मी बघून घेतो.' तेच ना हे? बघण्यातूनच आलंय."

मी म्हटलं, 'बघून घेणे' म्हणजे धमकी. 'तुला बघून घेईन.'

"मुद्दा तो नाहीये, मास्तर. कामाला बघून घेतलं तर निभावणं, आणि माणसाला बघून घेतलं तर दम देणं. शब्द तेच. कोणाला बघता त्याच्यावर आहे."

त्या वेळी मला फक्त वैताग आला होता. मांडीवर सहामाहीचे पेपर होते, दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. आज कळतं, तुम्ही अगदी दाराशी जाऊन उभे राहिला होतात. मी फक्त कडी काढायची होती. तुमचा पुढचा प्रश्नच तो होता.

"आता शेवटचं. एखाद्याला अडचणीतून पार नेलं, असं म्हणायचंय. तर 'सी हिम थ्रू' की 'सी थ्रू हिम'? माणूस मध्ये का शेवटी?"

आणि मी पेपरवरून नजर न काढता म्हणालो, "दोन्ही चालतं हो! 'पिक द बॉक्स अप', 'पिक अप द बॉक्स.' तसंच हे."

"नक्की?"

"नक्की. जा आता."

"मग मी जोडी तोडत नाय. नवराबायकोच्या मध्ये माणूस कशाला बसवायचा?" असं म्हणून, स्वतःच्याच विनोदावर हसत, तुम्ही गेलात.

इंटरव्ह्यूच्या संध्याकाळी तुम्ही घरी न जाता आधी आमच्याकडे आलात. हातात कप नव्हता. पेढे होते.

"साहेब हसला, मास्तर! खूश झाला. मी म्हणालो, 'आय हॅव सीन थ्रू ऑल माय मॅनेजर्स.' एका दमात. तो हसला, आणि म्हणाला, 'देन आय मस्ट बी केअरफुल.' याचा अर्थ काय, तो मला सांभाळून ठेवणार?"

मधुकरराव, मी हसलो. विचार करण्याच्या आधी हसलो, हे मला आजही आठवतं. हसता हसताच तुम्हाला सांगितलं, की तुम्ही साहेबाला म्हणालात, आजवरच्या माझ्या सगळ्या मॅनेजरांचं पितळ मी ओळखून आहे. आणि साहेब म्हणाला, मग मलाही जपून राहायला हवं. नलिनी पेढ्याचा बॉक्स घेऊन तशीच उभी राहिली. मग तुम्ही म्हणालात, "पण मास्तर, तुम्ही तर..."

मला माहीत होतं तुम्ही काय म्हणणार. वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, "तुम्ही नीट ऐकलं नसणार. मी मध्ये म्हणालो होतो. माणूस मध्ये."

तुमच्या-माझ्या वीस वर्षांत तुम्ही कधी माघार घेतली नाहीत. फक्त त्या दिवशी घेतलीत. "असेल," म्हणालात. "माझंच ऐकण्यात चुकलं असेल." आणि पेढा खाऊन घरी गेलात.

जागा दुसऱ्या माणसाला मिळाली. त्या एका वाक्यामुळेच गेली असं मी म्हणत नाही. कदाचित साहेबाचा माणूस आधीच ठरलेला असेल. या 'कदाचित'वर मी बरीच वर्षं काढली आहेत. तुम्ही मात्र त्याच गेटवर, त्याच धुळीत राहिलात. शैला सांगते, सुपरवायझरच्या केबिनला पंखा होता, एवढंच तुम्ही एकदा तिला म्हणाला होतात.

त्याच आठवड्यात मी शाळेच्या लायब्ररीत व्याकरणाचं जाड पुस्तक काढून बघितलं. नियम स्वच्छ होता. काम तडीस न्यायचं असेल, माणसाला पार न्यायचं असेल, तर ते काम, तो माणूस मध्ये येतो, दोन्ही शब्दांच्या कुशीत. शेवटी टाकलात तर अर्थ उलटतो: मग तुम्ही त्याला नेत नाही, त्याच्या आरपार बघता. मी इतकी वर्षं मुलांना 'दोन्ही चालतं' सांगत आलो होतो. पुस्तक जागेवर ठेवलं आणि ठरवलं की आज संध्याकाळी सांगून टाकायचं.

संध्याकाळी तुम्ही आलात, कप होता, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीवर घसरलात. मी म्हटलं, उद्या.

पुढच्या वर्षी दहावीच्या वर्गात हाच धडा आला. तिथे मी फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहिली, फरक सांगितला, आणि वर म्हणालोही, "इतकी वर्षं मीसुद्धा चुकीचंच शिकवत होतो, बरं का." मुलं हसली. मला मोकळं वाटलं. पन्नास मुलांपुढे मला ते सहज बोलता आलं. त्या पन्नासात तुमची लेक गौरी होती, खिडकीजवळच्या बाकावर. हे मी विसरलो होतो म्हणू, की विसरायचं ठरवलं होतं म्हणू?

आणि किस्सा तर मी सांगतच होतो. हे लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. बारशाला सांगितला. कोजागिरीला गच्चीवर सांगितला. माझ्या मेहुण्याच्या साखरपुड्यात व्याह्यांना सांगितला. 'आमच्या साडूंनी साहेबाला काय ऐकवलं माहीत आहे का?' मला तो चांगला जमायचा. साहेबाचा दाक्षिणात्य उच्चार, तुमची ताठ मान, 'ऑल' या शब्दावरचा जोर. लोक पोट धरून हसायचे. पुष्कळदा तर तुम्हीच फर्माईश करायचात. जेवणं झाली, पानं फिरली, की भिंतीला टेकून म्हणायचात, "मास्तर, तो किस्सा होऊन जाऊ दे." मी त्याचा अर्थ असा घेतला की तुम्हाला काही वाटत नाही. एवढा दिलखुलास माणूस! त्या अर्थाने माझी मोठी सोय झाली.

मधल्या काळात नलिनीचं ऑपरेशन झालं. माझी परीक्षेची ड्युटी. तुम्ही रोज जासईहून परस्पर वाशीच्या हॉस्पिटलात यायचात, धुळीसकट. कॅन्टीनवाल्याशी भांडून तिच्यासाठी कमी तिखटाची आमटी करून घ्यायचात. वॉर्डबॉयशी भांडून खिडकीजवळचा पलंग मिळवलात. डॉक्टरांशीही भांडलात, आणि तेही चुकीच्या मुद्द्यावर. मला म्हणालात, "तुम्ही शाळेत जा, मास्तर. मी बघून घेतो." नलिनी बरी होऊन घरी आली. मी तुमचे आभार मानले नाहीत, कारण तुम्ही पायरी चढतानाच रिक्षावाल्याने लांबून आणलं म्हणून माझ्याशी वाद घालत होतात. साडू लोकांत आभाराची पद्धत नसते, असं मी स्वतःला सांगितलं.

मग त्याच हॉस्पिटलात तुम्ही. मी यायचो तेव्हा ठरवून यायचो. रिक्षात वाक्य जुळवायचो. 'मधुकरराव, एक जुनी गोष्ट सांगायची राहिली.' आत आलो की तुम्ही नळ्यांमधूनही सुरू व्हायचात: सलाइनची बाटली उलटी लावलीय, समोरच्या पेशंटचे पाहुणे फार. शेवटच्या शनिवारी सिस्टर सुई बदलत होती. केरळची, हसतमुख. तुम्ही तिला म्हणालात, "सिस्टर, ये हमारे मास्तर. इंग्लिश के. मास्तर, तो किस्सा सांगा की यांना."

मी सांगितला. हिंदीत. उच्चारांसकट. ती इतकी हसली की तिला सुई खाली ठेवावी लागली. तुम्हीही हसलात, खोकला आला, शैलाने पाणी दिलं. मग उशीवर डोकं टेकून तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात.

"झाला?" तुम्ही विचारलंत.

"झाला."

"एवढाच आहे?"

"एवढाच," मी म्हणालो.

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, दमलात. सोमवारी तुम्ही गेलात.

दहावा झाल्यावर शैला आमच्याकडे आली होती. नलिनीने चहा केला तो तुमच्या कपात आला, आणि आम्ही तिघंही त्या कपाकडे बघत बसलो. मग शैला म्हणाली, "दाजी, राग मानू नका. तेराव्याला माणसं जमतील. तो इंटरव्ह्यूचा किस्सा तेवढा सांगू नका."

मी म्हटलं, "त्यांना आवडायचा म्हणून..."

"आवडायचा नाही हो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, हेच जास्त लागलं. "गौरीने तेव्हाच घरी येऊन सांगितलं होतं. सर म्हणाले, मीच चुकीचं शिकवत होतो. मी यांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता समोर जा आणि विचारा. एवढ्या-तेवढ्यावरून जगाशी भांडता, इथे जा ना भांडायला! तर म्हणाले, नको. मास्तर स्वतः सांगतील. सांगितल्याशिवाय राहायचे नाहीत, तसा माणूस नाही तो."

"मग ते दर वेळी मला सांगायला का लावायचे?"

"शेवट बदलेल म्हणून, दाजी. तुम्ही सुरू केलंत की मला कोपराने ढोसायचे. 'आज सांगतील बघ.' घरी आल्यावर म्हणायचे, 'नाही जमलं आज. फार लोक होते. पुढच्या वेळी.'"

नलिनी उठून आत गेली.

आता बोला, मधुकरराव. हा काय प्रकार आहे? तुम्ही मला पुरतं ओळखलं होतंत, आणि ओळखूनही वर्षानुवर्षं माझ्यासाठी थांबलात. बारशात थांबलात, कोजागिरीला थांबलात, नळ्या लावून थांबलात. स्वतःचं हसं करून घेऊन मला वाट करून देत राहिलात. असं कोणी करतं का? मला गच्चीवर, सगळ्यांसमोर, कॉलर धरून विचारायचं ना! मी खोटा ठरलो असतो, दोन दिवस तोंड लपवलं असतं आणि तिसऱ्या दिवशी आपण पुन्हा टाकीच्या झाकणावर भांडलो असतो. तुमचा तो संयम मला सहन होत नाही. इतरांशी वागलात तसं माझ्याशी का वागला नाहीत?

आणि तरी, तुमच्याइतकी माझी वाट कोणीच बघितलेली नाही. हेही इथे लिहून ठेवतो. 'सी थ्रू'ला तुम्ही सांगितलेला शब्दच बरोबर होता. तडीस नेणे नव्हे. आता हा धडा येईल तेव्हा फळ्यावर 'बघून घेणे' लिहीन. तो वाद तुम्ही जिंकलात.

तेराव्याचं गोडाचं जेवण गच्चीवर झालं. सोसायटीतले सगळे होते. ज्यांनी ज्यांनी तो किस्सा ऐकला होता, ते बहुतेक सगळे. तुमचा फोटो खुर्चीवर, हार जरा तिरका. तुम्ही असता तर यावरही बोलला असता. पानं फिरली. फर्माईश करणारं कोणी नव्हतं. मी शैलाकडे बघितलं आणि उभा राहिलो. तिचा चेहरा उतरला. नलिनीने तिचा हात धरला.

मी किस्सा सांगितला. उच्चार केले नाहीत. 'ऑल'वर जोर दिला नाही. तरी काही जण सवयीने हसले, मग ओशाळून थांबले. 'देन आय मस्ट बी केअरफुल'वर तो नेहमी संपायचा. तिथे मी थांबलो नाही. पेपर मांडीवर असल्याचं सांगितलं, 'दोन्ही चालतं' सांगितलं, पेढे सांगितले, आणि तुमचं वाक्य मी मध्येच कसं तोडलं तेही सांगितलं. सेक्रेटरी मान खाली घालून बसले होते. गौरी माझ्याकडे बघत होती, वर्गात बघायची तशी, सरळ. मग मी लोकांकडे पाठ केली, तुमच्या फोटोसमोर गेलो, हार सरळ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो:

"मधुकरराव, दोन्ही चालत नाही. मी चुकीचं सांगितलं होतं. तुम्ही नीट ऐकलं होतं. माझं चुकलं."